ट्रॅक्टरच्या रेडिएटरची निगा : कूलंटची तपासणी व बदल

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून जातो, दोन-तीन दिवसांच्या उघडिपीनंतर जमिनीला वापसा येतो आणि साऱ्या गावाची एकच धांदल उडते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याला स्वतःची पेरणी उरकून शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही कामे करावयाची असतात. नेमक्या अशा वेळी शेताच्या मधोमध ट्रॅक्टर थांबतो. पुढल्या जाळीतून वाफेचे लोट निघू लागतात आणि उष्णता दाखविणारा काटा तांबड्या पट्ट्यात जाऊन बसलेला असतो. चालक जवळच्या विहिरीवरून घागरभर पाणी आणून ओततो व तासाभराने पुन्हा कामास लागतो. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार घडतो. तिसऱ्या दिवशी इंजिनाच्या तेलात पाणी उतरल्याचे आढळते. ट्रॅक्टर तालुक्याच्या गावी मिस्त्रीकडे ओढून न्यावा लागतो आणि हेड उतरवून पुन्हा बसविले जाईपर्यंत वापसा निघून गेलेला असतो. दुरुस्तीचा खर्च मागेपुढे भरून काढता येतो. हातचा गेलेला वापसा मात्र त्या हंगामात परत येत नाही.

अशा बिघाडाचे मूळ बहुधा त्या दिवसाच्या कामात नसते. मागील दोन-तीन वर्षांत रेडिएटरकडे झालेल्या दुर्लक्षात ते असते. ट्रॅक्टरच्या तेलाकडे, टायरकडे आणि बॅटरीकडे शेतकरी लक्ष देतात. रेडिएटरमध्ये मात्र 'पाणी आहे ना' एवढेच पाहिले जाते. ते पाणी कसले आहे आणि कधीपासून आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

इंजिन थंड कसे राहते

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भागाचेच रूपांतर उपयुक्त कामात होते. सुमारे तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता सिलिंडर व हेड यांच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही, तर वंगणाचे तेल पातळ होते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन जाम होते.

ही उष्णता बाहेर नेण्याचे काम पाणी करते. पाण्याचा पंप ते सिलिंडरभोवतालच्या पोकळीत ढकलतो. तेथे तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती मिटलेली राहते व पाणी पुरेसे तापले म्हणजे उघडते. काही ट्रॅक्टरांची इंजिने हवेने थंड होतात. त्यांना रेडिएटर नसतो. म्हणून पुढील विवेचन पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांपुरतेच समजावे.

रेडिएटरचे टोपण म्हणजे केवळ झाकण नव्हे. स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्टीप्रमाणे ते आतील दाब धरून ठेवते. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळते. टोपणाने सुमारे १ बार इतका जादा दाब धरला, तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपणाचे रबर झिजले किंवा त्याची कमान सैल झाली, की हा सारा लाभ नाहीसा होतो. म्हणून हरवलेल्या टोपणाऐवजी चिंध्यांचा बोळा किंवा दुसऱ्या गाडीचे टोपण बसविणे ही काटकसर नव्हे, तो नुकसानीचा मार्ग आहे.

नावामुळे होणारा गैरसमज

कूलंटला पूर्वीपासून अँटीफ्रीझ, म्हणजे गोठण्यास प्रतिबंध करणारे द्रव्य, असे म्हणतात. हे नाव थंड मुलुखांतून आले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाचा ओतीव ठोकळादेखील तडकवू शकते. त्यावर उपाय म्हणून थंड देशांत आरंभी पाण्यात मद्यार्क मिसळीत असत. पण तो उडून जाई. पुढे त्याची जागा एथिलीन ग्लायकोल या द्रवाने घेतली.

या नावामुळेच आपल्याकडील शेतकऱ्याला ते अनावश्यक वाटते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने हा विषय काढला, की पारावर बसलेला एखादा अनुभवी शेतकरी हमखास विचारतो, "साहेब, आपल्याकडे बर्फ कुठं पडतो? मग हे विकतचं पाणी कशाला?" प्रश्न रास्त आहे. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात काही हिवाळ्यांत पारा ४ अंशांच्याही खाली उतरतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधीकधी दव गोठून पांढरे होते. तरीही महाराष्ट्रात रेडिएटर गोठून इंजिन फुटण्याचा प्रसंग सहसा येत नाही. म्हणून कार्यकर्त्याने सरळ उत्तर द्यावे, "काका, हे बर्फासाठी नाही, उकळीसाठी आणि गंजासाठी आहे."

आपल्या हवामानात कूलंटची खरी कामे तीन आहेत.

पहिले काम उकळी लांबविण्याचे. निम्मे ग्लायकोल व निम्मे पाणी असे मिश्रण उघड्यावरही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाचा दाब त्यात मिळविला, म्हणजे उन्हाळी नांगरटीसारख्या अवघड कामातही पुरेसे अंतर हाती राहते.

दुसरे काम गंज थांबविण्याचे. कूलंटमध्ये ग्लायकोलबरोबरच गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. इंजिन, पंप व रेडिएटर यांत ओतीव लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात भिजत असतात. गंजरोधकाशिवाय ते झपाट्याने झिजतात.

तिसरे काम लायनर वाचविण्याचे. ज्या डिझेल इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळते, त्यांत प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर सूक्ष्म कंप पावतो. त्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. कालांतराने खड्डा आरपार जातो व पाणी तेलात उतरते. योग्य गंजरोधक असलेले कूलंट लायनरवर संरक्षक थर धरते आणि ही झीज रोखते.

विहिरीचे पाणी का नको

आंघोळीच्या बंबाच्या आत काही महिन्यांत पांढरा कठीण थर जमतो, हे घरोघरी पाहण्यात येते. आपल्या काळ्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले म्हणजे ते धातूवर बसतात. बंबात घडते तेच इंजिनात घडते. फरक एवढाच, की बंब खरवडता येतो आणि इंजिनाची पोकळी खरवडता येत नाही. ओतीव लोखंडाच्या मानाने हा थर कितीतरी पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. त्यामुळे रेडिएटर भरलेला दिसत असूनही आतील धातू भाजत राहतो.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात अडचण याहून मोठी आहे. तेथील खारे पाणी थर तर धरतेच, शिवाय गंजही वाढविते. जे पाणी पिकाला मानवत नाही, ते इंजिनालाही मानवत नाही, हे तेथील शेतकऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. वाफ होऊन उडते ते केवळ पाणी; क्षार मागेच राहतात. म्हणून दर चार दिवसांनी 'थोडेसे पाणी' घालणारा चालक प्रत्येक वेळी क्षारांची नवी भर टाकीत असतो. त्याबरोबर आतील कूलंटही पातळ होत जाते.

रोज सकाळची तपासणी

ही तपासणी इंजिन पूर्ण गार असताना करावी. तिला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. पातळी पाहावी. बाजूला प्लॅस्टिकची टाकी असल्यास पातळी तिच्यावरील दोन खुणांच्या दरम्यान असावी. टाकी नसल्यास टोपण काढून पातळी रेडिएटरच्या मानेखाली दोन-तीन सेंटिमीटर आहे ना, हे पाहावे. काठोकाठ भरू नये. तापल्यावर द्रव फुगतो.

२. रंग पाहावा. द्रव गढूळ किंवा तांबूस असल्यास आत गंज सुरू झाला असे समजावे. वर तेलाचा तवंग दिसल्यास किंवा तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधाळ तेल आढळल्यास ट्रॅक्टर चालू न करता मिस्त्रीस दाखवावा.

३. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. कडक होऊन तडकलेली किंवा लिबलिबीत झालेली नळी बदलावी.

४. पंख्याचा पट्टा अंगठ्याने मधोमध दाबून पाहावा. तो किती दबावा, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. सामान्यतः एक ते दीड सेंटिमीटर पुरेसे होते. सैल पट्ट्यामुळे पंखा व पंप दोन्ही मंदावतात.

५. रेडिएटरची जाळी स्वच्छ करावी. मळणीच्या व रोटाव्हेटरच्या दिवसांत भुसा, धूळ व पाचट यांनी ती बुजून जाते. पंखा हवा पुढून आत ओढतो. म्हणून हवेचा किंवा पाण्याचा हलका फवारा पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूस मारावा. काडीने टोकरू नये. पातळ पत्रे वाकतात.

६. ट्रॅक्टर उभा होता त्या जागी जमिनीवर ओल आहे काय, हे पाहावे. पातळी वारंवार घटत असेल तर भर घालून समाधान मानू नये, गळती शोधावी.

मिश्रणाचे प्रमाण

कूलंट दोन प्रकारांत मिळते. एक तयार मिश्रण असते व ते तसेच भरावयाचे असते. दुसरे मूळ द्रव्य असते व त्यात पाणी मिसळावे लागते. डब्यावरील मजकूर वाचूनच वापर करावा. मूळ द्रव्यात मिसळण्यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

पुस्तिकेत अन्य प्रमाण दिलेले नसेल, तर निम्मे-निम्मे हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य असते. 'जास्त घातले तर जास्त चांगले' ही समजूत चुकीची आहे. उष्णता वाहून नेण्याची शक्ती पाण्यात अधिक व ग्लायकोलमध्ये कमी असते; म्हणून निव्वळ मूळ द्रव्य भरल्यास इंजिन अधिकच तापते. थंडीच्या बाबतीतही तेच खरे आहे. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या सुमारास गोठते, तर शुद्ध ग्लायकोल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते.

प्रमाण तपासण्यासाठी द्रवाची घनता दाखविणारे लहान उपकरण मिळते. मात्र हे उपकरण ग्लायकोलचे प्रमाण दाखविते, गंजरोधकाची शक्ती दाखवीत नाही. ग्लायकोल तसेच राहते, पण गंजरोधके कामात खर्च होत जातात. म्हणूनच दिसायला चांगले असलेले कूलंटही मुदत संपताच बदलावे लागते. जुन्या पद्धतीच्या कूलंटची मुदत साधारणतः दोन वर्षे धरतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी कूलंटे अधिक काळ टिकतात. पुस्तिकेत दिलेले तास किंवा वर्षे यांपैकी जे आधी पुरे होईल ते प्रमाण मानावे.

हिरवा, निळा, तांबडा किंवा नारिंगी हा रंग गुणाची खूण नव्हे. एकाच रंगाची दोन कूलंटे आतून निराळी असू शकतात. निरनिराळ्या जातींची सरमिसळ केल्यास गंजरोधके निकामी होण्याचा किंवा आत साका धरण्याचा संभव असतो.

कूलंट बदलण्याची रीत

हे काम अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, खरिपाची घाई सुरू होण्यापूर्वी, एका निवांत दुपारी उरकावे.

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा व इंजिन पूर्ण निवू द्यावे.

२. खाली रुंद घमेले ठेवून टोपण काढावे. रेडिएटरच्या तळाची तोटी व इंजिनाच्या ठोकळ्यावरील निचऱ्याचा बोल्ट असे दोन्ही उघडावेत. केवळ तोटी उघडल्यास जुने द्रव बरेचसे इंजिनातच राहते.

३. दोन्ही बंद करून स्वच्छ, मऊ पाणी भरावे. वरची नळी गरम लागेपर्यंत इंजिन चालवावे. नळी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला व पाणी सर्वत्र खेळले असे समजावे. नंतर इंजिन निवू देऊन पाणी सोडावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत असे करावे.

४. आत चुन्याचा थर असल्यास त्यासाठी मिळणारे द्रव्य मिस्त्रीच्या देखरेखीखाली वापरावे. घरच्या घरी तेजाब कदापि घालू नये. ते थराबरोबर धातूही खाते.

५. धुतल्यानंतर थोडे पाणी आत उरतेच. म्हणून मूळ द्रव्य वापरावयाचे असल्यास पुस्तिकेतील एकूण मापाच्या निम्मे मूळ द्रव्य आधी ओतावे व नंतर डिस्टिल्ड वॉटरने पातळी पुरी करावी. उदाहरणार्थ, माप १० लीटर असेल तर ५ लीटर मूळ द्रव्य आधी घालावे. अशाने उरलेल्या पाण्यामुळे प्रमाण बिघडत नाही.

६. सावकाश भरावे व टोपण न लावता इंजिन मंद गतीने चालवावे. आत कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडून पातळी उतरते. ती पुरी करून टोपण लावावे.

७. गळती नाही याची खात्री करून बदलाची तारीख, मीटरवरील तास व कूलंटची जात ट्रॅक्टरच्या वहीत लिहावी. भर घालण्यासाठी त्याच जातीचे थोडे मिश्रण घरात ठेवावे.

इंजिन तापल्यास

शेतात इंजिन तापले तर प्रथम भार काढावा. पट्टा शाबूत असेल व पाणी आत असेल, तर काही मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे; फिरते पाणी उष्णता बाहेर नेते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

टोपणाला लगेच हात लावू नये. आतील द्रव दाबाखाली असते. टोपण काढताच दाब नाहीसा होऊन ते एकदम वाफेसह उसळते आणि चेहरा, डोळे व हात भाजतात. घाईने उघडलेल्या टोपणापायी वाया जाणारी पाच मिनिटे आयुष्यभराची अधू दृष्टी देऊन जाऊ शकतात. निदान अर्धा तास थांबावे. नंतर जाड फडके धरून टोपण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, वाफ जाऊ द्यावी आणि मगच काढावे. तापलेल्या, कोरड्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. ओतीव धातू तडकतो. अडीअडचणीला साधे स्वच्छ पाणी घालावे लागले, तर घरी परतल्यावर आतील सर्व द्रव बदलावे.

गोड विष

एथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते आणि प्राणघातक विष असते. घमेल्यात उघडे राहिलेले जुने कूलंट कुत्रे, मांजर किंवा वासरू चाटते. खेळणारे मूलही त्यास बळी पडू शकते. पोटात गेल्यावर प्रथम दारू प्याल्यासारखी झिंग येते, पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. लक्षणांची वाट न पाहता माणसास तत्काळ रुग्णालयात व जनावरास पशुवैद्यकाकडे न्यावे आणि कूलंटचा डबा बरोबर ठेवावा.

कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. काढलेले जुने द्रव विहिरीजवळ, ओढ्यात, गव्हाणीपाशी अथवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर 'विष' असे ठळक लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे व टाकाऊ तेलाची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या कार्यशाळेकडे पोचवावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना एकत्र बोलावून एका ट्रॅक्टरवर ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. निघालेले तांबडे पाणी काचेच्या भांड्यात भरून शेजारी नवे कूलंट ठेवल्यास वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. चालकास अवश्य बोलवावे. कारण मालक कूलंट विकत घेतो, पण घागर चालकाच्या हाती असते. अधिक शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेची माहिती द्यावी. तेथे १९५५ सालापासून शेती यंत्रांचे प्रशिक्षण दिले जात आहे.

बैलाला पाणी दाखविल्यावाचून शेतकरी त्यास कधी जुंपीत नाही आणि ते पाणी डबक्यातले नसावे, याचीही काळजी घेतो. तीच दक्षता ट्रॅक्टरच्या बाबतीत बाळगावी. रोज सकाळची दहा मिनिटे व मुदतीला एक दुपार एवढाच तिचा खर्च आहे. तो आधी केला, म्हणजे वापसा येताच ट्रॅक्टर शेतात चालू राहील आणि पेरणी वेळेवर पार पडेल.